खत वेगळं, तणनाशक वेगळं: लॉनवर दोन हंगाम वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. उगवणीपूर्व तणनाशक, म्हणजे तण उगवण्याआधीच मातीत टाकायचं औषध, काम करतं आणि चांगलं करतं. पण खत आणि तणनाशक एकाच पिशवीत घालून विकलं जाणारं दाणेदार मिश्रण मी हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा टाकणार नाही. त्यातलं खत ठीक होतं, औषधही ठीक होतं. अडचण एवढीच की दोघांची टाकायची वेळ वेगळी आणि पिशवी मात्र एक.

लॉन बर्म्युडाचं आहे, म्हणजे आपली हरळीच, फक्त लॉनसाठी निवडलेली बारीक पानाची जात. (शेतात जी हरळी काढता काढता कंबर मोडते, तिचीच इथे खतपाणी घालून बडदास्त ठेवायची, यातली गंमत मलाही कळते.) घरापुढच्या भागात एकत्रित मिश्रण वापरलं. मागच्या भागात दोन्ही वेगवेगळं: प्रोडायमीन या उगवणीपूर्व तणनाशकाचे दाणे आधी, सावकाश विरघळणारं खत नंतर. ऊन दोन्हीकडे सारखं, कापणी एकाच मशीनने, पाणीही जवळपास तेवढंच. याला शास्त्रीय प्रयोग म्हणता येणार नाही, पण फरक कुणालाही दिसेल इतका पडला.

सगळं घोडं वेळेशी अडतं. क्रॅबग्राससारखी उन्हाळी तणं मातीच्या वरच्या चार-पाच सेंटिमीटरचं तापमान सलग काही दिवस १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की रुजायला लागतात. औषध त्याआधी मातीत बसलेलं हवं. त्या वेळी बर्म्युडा मात्र पिवळट, अर्धवट झोपेत असतं. त्याला खरी भूक लागते ती माती १८ अंशांच्या वर गेल्यावर, लॉन पूर्ण हिरवं होऊन एक-दोनदा कापून झाल्यावर. मधे कित्येक आठवडे जातात. मिश्रण औषधाच्या वेळेला टाकलं तर झोपलेलं गवत त्यातलं नत्र फारसं उचलत नाही. ते उचलतात थंडीत उगवलेली तणं, आणि उरलेलं पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. खताच्या वेळेपर्यंत थांबावं तर क्रॅबग्रास तोवर वर आलेलं असतं, आणि आलेल्या तणाला हे औषध काही करत नाही.

पुढच्या भागात औषधाची वेळ धरली. परिणाम असा की पोआ नावाचं थंडीतलं फिकट हिरवं गवत खत खाऊन तरारलं आणि लॉनभर त्याच्या पांढुरक्या तुऱ्यांचे पुंजके दिसायला लागले. त्यांच्या आजूबाजूचं बर्म्युडा तेव्हा वाळक्या गवताच्या चटईच्याच रंगाचं होतं. ज्या थोड्या जागी त्याने लवकर कोंब काढले, ते कोंब पुढच्या एका थंड रात्री करपले. मागच्या भागातलं लॉन उशिरा हिरवं झालं, पण एकसारखं झालं.

तापमानासाठी वेगळं उपकरण लागत नाही. दांडीचा साधा थर्मामीटर सकाळी ठरलेल्या वेळी मातीत खुपसायचा, भिंतीपासून आणि फरशीपासून लांब. हवेच्या तापमानावर जाऊ नये. दुपारी अंग भाजत असलं तरी माती सकाळी गारच निघते. आणि जिथे थंडी अशी पडतच नाही, तिथे या आकड्याचा उपयोग नाही. तिथे तणांची लाट येते ती कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या चांगल्या पावसाबरोबर, म्हणून औषध त्या पावसाच्या थोडं आधी पडायला हवं. फक्त ते कोरडं ठेवून धो धो पावसाची वाट पाहू नका. दाणे उतारावरून वाहून एका कोपऱ्यात जमतात.

पाणी देणं हा भाग लोक हलक्यात घेतात. प्रोडायमीन काय किंवा पेंडिमेथॅलिन काय, एकाच कुळातली औषधं. बी रुजतं, पण कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशींची विभागणी थांबते आणि रोप जमिनीबाहेर येता येता मरतं. यासाठी औषध दाण्यातून सुटून मातीच्या वरच्या थरात पसरावं लागतं, म्हणजे साधारण १० ते १२ मिलिमीटर पाणी हवं. लॉनवर सरळ कडांचे पसरट डबे ठेवून स्प्रिंकलर चालवला आणि डब्यातलं पाणी पट्टीने मोजलं. मागच्या एका कोपऱ्यातल्या डब्यात इतरांच्या निम्मंही नव्हतं. पुढे क्रॅबग्रास उगवलं ते नेमकं तिथेच, स्प्रिंकलरचा फवारा जिथे संपतो त्या रेषेच्या पलीकडे, कंपासने आखावं तसं कमानीत. अलीकडे जवळजवळ काही नाही.

फरशीच्या आणि दगडी वाटेच्या कडेनेही थोडं उगवलं. हे सगळीकडेच होतं. तिथली माती आधी तापते, गवत विरळ असतं, आणि तापलेल्या मातीत औषधही लवकर संपतं. कडेची पट्टी धरून स्प्रेडरची (दाणे पसरायच्या यंत्राची) आणखी एक फेरी मारावी, फरशीवर उडालेले दाणे झाडून परत गवतात घालावेत. हे दाणे धुऊन गटारात सोडायचे नाहीत. खत असो की तणनाशक, ते पुढे ओढ्या-तळ्यातच जातं. पसरताना मोजलेल्या दाण्यांचे दोन भाग करून एक उभा आणि एक आडवा टाकला, त्यामुळे पट्टे पडले नाहीत.

क्रॅबग्रासच्या बाबतीत मागच्या भागाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. गूसग्रासबद्दल तसं म्हणवत नाही. हे नाचणीच्या कुळातलं तण, बुडखा चपटा आणि मधोमध चंदेरी पांढरा, पायाखाली तुडवून घट्ट झालेल्या जमिनीत हटकून येणारं. ते क्रॅबग्रासच्या नंतर उगवायला लागतं, तोवर पहिल्या मात्रेचा जोर ओसरलेला असतो. म्हणूनच मात्रा दोन हप्त्यांत द्यावी असं सांगतात: अर्धी सुरुवातीला, अर्धी आठ-दहा आठवड्यांनी. दुसऱ्या हप्त्यानंतर नवीन गूसग्रास कमी झालं, गेलं नाही. या कुळातल्या औषधांना न जुमानणारं गूसग्रास जगात नोंदलं गेलेलं आहे, त्यामुळे वर्षानुवर्षं तेच एक औषध टाकणं बरं नाही. वर्षभरात एकूण किती टाकायचं याची मर्यादा लेबलवर असते, तीही ओलांडायची नाही.

लव्हाळ्यावर यातल्या कशाचाही परिणाम होत नाही. हे वाक्य पिशवीवर मोठ्या अक्षरात छापायला हवं. पात जरा रुंद आणि चकचकीत, लॉन कापल्यावर दुसऱ्याच दिवशी बाकीच्या गवताच्या वर डोकं काढणारी. शंका असेल तर खालचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून पाहा, तीन कडा बोटाला स्पष्ट लागतात. लव्हाळा कंदापासून येतो आणि नुसता उपटला की दांडा हातात येतो, कंद खालीच राहतो आणि पुन्हा फुटतो. त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन गटातलं उगवणीनंतरचं औषध वेगळं फवारावं लागलं. ते फार संथ आहे. पहिले काही दिवस काहीच होत नाही, मग पात हळूहळू पिवळी पडत जाते. घाई करून लगेच दुसरी फवारणी घेऊ नका आणि फवारणीच्या आगेमागे लॉन कापू नका. औषध आत जायला पानं तर हवीत. रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डीची मिश्रणं मिळतात; बर्म्युडाला ती चालतात, सेंट ऑगस्टीन जातीच्या लॉनला सोसतीलच असं नाही, आणि कडक उन्हात तर कुठल्याच लॉनवर फवारू नयेत. माझ्याकडे घोळ आणि आंबुशी एवढीच होती, ती खुरप्याने निघाली.

आता खत. पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यावरून मात्रा काढायचा मात्र लोक कंटाळा करतात. बर्म्युडाला एका वेळी चौरस मीटरला सुमारे पाच ग्रॅम नत्र पुरतं. १०० चौरस मीटरला ५०० ग्रॅम. खतात २० टक्के नत्र असेल तर अडीच किलो खत लागलं. युरियात ४६ टक्के असतं, म्हणजे तेवढ्याच नत्राला १.१ किलोच्या आत-बाहेर, पण युरियाचं सगळं नत्र एकदम सुटतं, म्हणून तो एवढा एका वेळी टाकूच नये. निम्मा टाकावा, कोरड्या पानांवर टाकावा आणि लगेच पाणी द्यावं. ओल्या पानाला चिकटलेला दाणा तिथे तपकिरी डाग पाडतो.

मागच्या भागात पॉलिमरचं वेष्टण असलेला युरिया होता. त्याचं नत्र मातीच्या तापमानाप्रमाणे सुटत जातं, म्हणजे गवताची भूक वाढते तसंच. वापरून पाहिल्यावर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. पुढच्या भागात खत टाकल्यावर गवत भसाभस वाढायचं, मशीन घेऊन सारखं मागे लागावं लागायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा फिकट. मागे वाढ संथ, रंग टिकून. एक तक्रार: मशीनची चाकं फिरली की काही दाणे फुटतात, आणि तिथे बोटाएवढे गडद हिरवे ठिपके उठतात. खत टाकल्यावर लगेच कापणी टाळली तर हे कमी होतं. कापलेलं गवत मी लॉनवरच राहू देतो. त्यातून गवताच्या नत्राच्या गरजेचा बराच भाग परत मिळतो, अगदी चौथाईपर्यंत.

स्फुरद माती तपासल्याशिवाय टाकू नये. माझ्या मातीत ते भरपूर निघालं, तेव्हा मधला आकडा शून्य असलेलं खत घेतलं. वर्षभराच्या एकूण नत्राचा हिशोब जातीवर ठरतो. बर्म्युडा खादाड, झॉयसिया त्याहून मध्यम, आणि सेंटिपीड तर इतकं अल्पाहारी की त्याला बर्म्युडाच्या मापाने खत दिलं तर ते खंगत जातं. शेजारच्याने टाकलं म्हणून आपणही टाकलं, असं चालत नाही.

प्रोडायमीनची एक खोट सांगायलाच हवी. मागच्या भागात कुंपणाजवळ एक उघडा तुकडा होता, तो हरळीच्या धावत्या फुटव्यांनी भरेल असं वाटलं होतं. फुटवे त्यावरून गेले, पण जमिनीला धरेनात. एक उचलून पाहिला तर अलगद दोऱ्यासारखा हातात आला. गाठीपाशी मुळं होती, पण आखूड, टोकाला फुगलेली. जे औषध तणाचं मूळ थांबवतं ते गवताच्या नव्या मुळालाही थोडं जाचतंच. जमलेल्या दाट लॉनला याचा त्रास होत नाही. ज्यांच्याकडे मोठे उघडे तुकडे आहेत, नवीन लॉन नुकतंच अंथरलंय किंवा बी टाकायचंय, त्यांनी तो हंगाम हे औषध बाजूला ठेवावं आणि खुरपं हातात घ्यावं.

रसायन नकोच असं म्हणणाऱ्यांना मक्याच्या ग्लुटेनची पूड सुचवली जाते. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या निक क्रिश्चन्स यांनी तिचा तणरोधक गुण शोधला, १९९१ साली पेटंटही मिळालं. मी ती वापरलेली नाही, पण हिशोब करून पाहिला. चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम टाकायची आणि तिच्यात जवळपास दहा टक्के नत्र. म्हणजे औषधाच्या वेळेला, गवत झोपेत असताना, दहा ग्रॅम नत्र. एका वेळच्या मात्रेच्या दुप्पट! एकत्रित पिशवीचंच दुखणं, जरा जास्त.

हंगाम उतरताना उलटं गणित लागतं. माती २१ अंशांच्या खाली यायला लागली की पोआ रुजतं, म्हणून औषध त्याआधी. नत्र मात्र तोवर बंद. थंडीआधी सहा-आठ आठवडे नत्र थांबवलं नाही तर कोवळी वाढ थंडीत सापडते. त्या काळात रंग फिकट वाटला तर लोहाची हलकी फवारणी पुरते, हिरवेपणा येतो आणि वाढ भडकत नाही. फेरस सल्फेट फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे नारिंगी डाग पडतात आणि घासून जात नाहीत.

पॅकिंगबद्दल एक राग आहे. ‘एवढ्या जागेला एक पिशवी’ असं ठळक आणि दर चौरस मीटरला किती ग्रॅम हे शोधून सापडेल असं बारीक. सक्रिय घटकाची टक्केवारी तर आणखी बारीक. ज्याची जागा पिशवीच्या मापाची नाही त्याने काय करायचं?

एकत्रित मिश्रणाची अर्धी पिशवी अजून शिल्लक आहे आणि ती वाया जाणार नाही. तणनाशकाचा दुसरा हप्ता येतो तेव्हा लॉन हिरवं झालेलं असतं आणि नत्रही हवंच असतं. त्या एका वेळी दोन्ही वेळा खरोखर जुळतात. पुढच्या हंगामात पहिला हप्ता दोन्हीकडे नुसत्या तणनाशकाचा देणार, आणि दुसऱ्याला घराच्या पुढच्या भागात ही पिशवी संपवणार.