ताहोच्या डोंगरांत निघण्यापूर्वी वाचावे असे पत्रक

कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवरील ताहो सरोवराभोवती स्की टूरिंगला (लिफ्टविना, स्वतः डोंगर चढून स्कीवरून उतरायला) जाणाऱ्याने स्की, बूट स्कीला जोडणारे बाइंडिंग आणि चढताना स्कीखाली लावायच्या स्किन्स निवडण्यात जितका वेळ घालवावा, त्याहून अधिक वेळ सिएरा अ‍ॅव्हलांच सेंटरचे हिमस्खलनाचे पूर्वानुमान वाचण्यात घालवावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

ही सेवा विनामूल्य आहे. हिवाळ्यात रोज सकाळी येणाऱ्या या पत्रकात धोक्याची पातळी 1 (सर्वांत कमी) ते 5 (सर्वांत जास्त) अशा आकड्यांत, आणि वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे उगवत नाहीत तिच्या) वर, आसपास व खाली अशी वेगवेगळी दिलेली असते. घाईतला वाचक आकडा पाहून थांबतो; खरे मोल मात्र त्याखालच्या मजकुराला आहे, कारण धोका कोणत्या प्रकारचा, कोणत्या दिशेच्या उतारांवर आणि सुटणारा थर केवढा असू शकेल, हे तिथे आकृतीसह उलगडलेले असते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही जेक्स पीक या शिखराकडे निघालो तेव्हा पातळी 2 होती, पण नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ईशान्येकडील उतारांवर बर्फ साचवल्याचा इशाराही होता. (अल्पाइन मेडोज या स्की केंद्रात 1982 च्या मार्चमध्ये हिमस्खलनाने सात बळी घेतले, त्यांतल्याच एका तरुणाचे नाव या शिखराला आहे.) झाडीतून चढताना बर्फ मऊ लागत होता आणि खाली सरोवराचे निळे पाणी दिसत होते, ते भर हिवाळ्यातही गोठत नाही. धारेजवळ मात्र काठीचे टोक टणक थरावर अडले, जोर देताच आतल्या भुसभुशीत बर्फात घुसले आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग हातभर पुढे धावली. सकाळी वाचलेले वाक्य पायाखाली उमटले होते. उघडा उतार सोडून आम्ही झाडीतल्या, 30 अंशांपेक्षा कमी उताराने परतलो.

मर्यादाही आहेत. हे पूर्वानुमान युबा पास या घाटापासून एबेट्स पास या घाटापर्यंतच्या विस्तीर्ण टापूचे असते, तुमच्या एका उताराचे नव्हे. शिवाय पॅसिफिकवरून वादळ येत असेल तर सकाळचे चित्र दुपारपर्यंत बदलते. म्हणून ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे घेऊनच निघावे लागते.

केंद्र स्कीपटूंची निरीक्षणेही स्वीकारते. त्या संध्याकाळी मी भेगेचे छायाचित्र, उताराची दिशा आणि उंची लिहून पाठवली.