सिसिली की माल्टा? संस्कृतींची सरमिसळ पाहायला जाणाऱ्यांसाठी

हाताशी आठवडाभर आहे आणि किनाऱ्यांपेक्षा इतिहासाची ओढ जास्त, तर भूमध्य समुद्रातल्या या दोन शेजाऱ्यांपैकी एक निवडावं लागतं. फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश अशा सत्ता दोन्हीकडे येऊन गेल्या. शेंगेन व्हिसाही एकच.

सिसिलीत आधी पालेर्मो गाठा. अरबांनी हे शहर ८३१ मध्ये घेतलं, नॉर्मनांनी १०७२ मध्ये. पण नव्या राज्यकर्त्यांनी अरब कारागीर आणि ग्रीक अधिकारी पदरी ठेवले. नॉर्मन राजा दुसऱ्या रॉजरच्या राजवाड्यातलं ‘कापेला पालातिना’ हे प्रार्थनागृह पाहा: भिंतींवर बायझंटाइन धाटणीचं सोनेरी मोझाइक, डोक्यावर अरबी पद्धतीचं लाकडी छत. त्या छतावर वादक आणि मद्याचे पेले हाती घेतलेली माणसं रंगवली आहेत, तेही चर्चमध्ये! ला झीसा महालात ११४९ चा एक स्मृतिलेख आहे, लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अशा चार लिप्यांत. अर्थात हा सलोखा टिकला नाही. तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने इथल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरा इथे हलवलं. सिराकूझाही चुकवू नका. तिथल्या कॅथेड्रलच्या भिंतीत ग्रीक देवी अथेनाच्या देवळाचे डोरिक खांब अजून उभे दिसतात.

माल्टा अवघं ३१६ चौरस किलोमीटरचं. पिरॅमिडांहून जुनी जिगांतियाची देवळं आहेत, पण राजधानी व्हॅलेटा मुख्यतः सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे एका ख्रिस्ती लढाऊ पंथाचं शहर, १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर वसवलेलं. इटालियन चित्रकार काराव्हाजोचं संत योहानाच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र इथल्याच को-कॅथेड्रलमध्ये आहे. अरबी काळातल्या इमारती मात्र फारशा उरलेल्या नाहीत. तो वारसा उरलाय बोलीत: माल्टी ही अरबीतून आलेली भाषा, लिहितात रोमन लिपीत आणि बोलणारे बहुतेक कॅथलिक.

सोयीत माल्टा पुढे. १९६४ पर्यंत ब्रिटिश अंमल होता, त्यामुळे इंग्रजी सर्रास चालते आणि गाड्याही डावीकडून धावतात. बसने बेट पालथं घालता येतं. हायपोजियम या प्रागैतिहासिक भूमिगत दफनस्थळाची तिकिटं तेवढी खूप आधी काढा. सिसिली अफाट आहे; आठवड्यात पालेर्मो, त्याच्या शेजारचं मोन्रेआले आणि सिराकूझा एवढंच नीट होईल. शाकाहारी मंडळींची पंचाईत दोन्हीकडे थोडीफार होते, पण पालेर्मोत पावात घातलेल्या हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, ‘पानेल्ले’, मिळतात आणि वडापाव आठवतो.

माझं मत पालेर्मोला. सोबत वयस्कर आईवडील असतील किंवा चारच दिवस असतील, तर माल्टा. दोन्ही हवंच असेल तर सिसिलीतल्या पोत्झालो बंदराहून व्हॅलेटाला जलद फेरी सुमारे दोन तासांत पोचवते. हवामान बघून तिकीट काढा.