मिक्सटेप की प्लेलिस्ट?

नागपूरच्या महाल भागातल्या मामाच्या माळ्यावर कॅसेटचा डबा सापडला, तेव्हापासून मी मिक्सटेप भरतोय, म्हणजे निवडक गाणी एका कॅसेटवर उतरवून घेतोय. प्लेलिस्ट फोनवर आहेच. बर्डीहून खापरीला मेट्रोने जाताना तीच लावतो. गाणी हवी तितकी, मित्राला पाठवायला क्षणही लागत नाही. आवाजही स्वच्छ. कॅसेटवर मात्र हाय-हॅटचे, म्हणजे ड्रमच्या झांजांचे, बारीक ठोके सळसळीत दबतात.

पण सी-६० कॅसेटला एका बाजूला तीसच मिनिटं मिळतात. आठ मिनिटांचा टेक्नो (यंत्रांवरचं नाचाचं संगीत) ट्रॅक घेतला की दुसरं काहीतरी गाळावं लागतं, आणि तिथेच आपली आवड कळते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राच्या आणि टीबी-३०३ या बासयंत्राच्या साथीने राग वाजवले. काय धाडस! त्यातला ललित राग मी ‘ए’ बाजूला पहिला ठेवला. प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबायचं, श्वास रोखून. टेप गुंतलीच तर पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळायची. उन्हाळ्यात मात्र कॅसेट गाडीत विसरू नका, नागपूरचं ऊन तिला वाकवतं.

रोज ऐकायला प्लेलिस्ट. जिवलग माणसाला द्यायची तर मिक्सटेपच, गाण्यांची नावं स्वतःच्या अक्षरात लिहून. परवा मामाला दिली. त्याने आधी नावांचं कार्डच दोनदा वाचलं.