शेंगदाण्याचं दही (नौपाडा, ठाणे) – दूध सोडलेल्यांनी नक्की घेऊन बघा

नौपाड्यात एक काकू घरूनच शेंगदाण्याचं दही विकतात, आदल्या दिवशी फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःचा डबा घेऊन जायचं. अर्धा किलो 120 रुपये, साध्या दह्यापेक्षा महाग आहे पण मला ते पटतं कारण त्यातली मेहनत बघितलीये. दाणे रात्रभर भिजवून सालं काढायची, वाटून गाळायचं, दूध उकळून कोमट झालं की विरजायचं. विरजण कसलं विचारलं तर म्हणाल्या, "अगं हिरव्या मिरचीची देठं टाकायची, मस्त लागतं, पुढच्या वेळी मग त्यातलंच चमचाभर घ्यायचं."

पहिल्या घासाला दाण्याचा वास येतो, तो येणारच, पण आंबटपणा एकदम दह्याचा. दहीभातावर मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी दिली की वास जातो आणि मी तर वाडगं चाटूनपुसून संपवते. कढीला मात्र जपायला लागतं, बेसन आधीच नीट घुसळून घ्या आणि मंद आचेवर सारखं ढवळत रहा, खळखळून उकळलं की फाटते. श्रीखंडासाठी नका घेऊ, चक्का रवाळ होतो.

मी दूध सोडलं ते तबेल्यामुळे. आमच्या गावाकडच्या नातेवाईकांकडे म्हशी होत्या, पारडू आईजवळ सोडायचे ते फक्त पान्हा सुटेपर्यंत, दोन घोट प्यायलं की दोरी ओढून बाजूला बांधायचे आणि ते तिथून मान लांब करून ओरडत रहायचं. त्यात ते नर असेल तर त्याला पोसणार कोण, त्याचं दूध थोडंच मिळणारे. माणसं वाईट नव्हती हो, धंदाच तसा चालतो, म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. हे कळल्यावर माझ्याच्याने चहात दूध ओतवेना.

बाकी आपलं जेवण सोडावं लागत नाही, पिठलं भाकरी, थालीपीठ, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी सगळं चालतं, फक्त वरून तूप नको म्हणायचं. आईला टेन्शन नैवेद्याचं होतं, आता ती नारळाच्या दुधात गूळ घालून खीर करते. अडलं होतं ते दह्यापाशी आणि ते काकूंनी सोडवलं.

बाहेरची पाकिटं घेताना मागे वाचा, बिस्किटात, फरसाणात दूध पावडर असते. एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, व्हीगन (प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या) पदार्थांचे नियम 2022 मध्ये आले, त्यांचा हिरवा व्ही आणि पानाचा लोगो दिसला तर काम सोपं. आणि बी12 जीवनसत्त्वाची गोळी डॉक्टरांना विचारून चालू कराच, ते या जेवणातून मिळत नाही, दह्यातूनही नाही.

तक्रार एकच, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवूनही लवकर आंबतं, म्हणून पाव किलोच घ्या. गुरुवारी काकू दही लावत नाहीत.