डॅन की मेन्क्यो? जपानी जुजुत्सु शिकायचंय त्यांच्यासाठी

जपानमध्ये नोकरी लागलीय, दोन-तीन वर्षं तिकडेच राहणार, तर जुजुत्सु, म्हणजे तिथली जुनी झटापटीची युद्धकला, कुठे शिकू असं विचारणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, तुम्हाला बेल्ट हवाय की घराणं? कारण वाटा दोन आहेत आणि दोन्हीकडे रँकचा अर्थच वेगळा आहे.

जुन्या शाळा म्हणजे कोर्यू, १८६८ मध्ये सुरू झालेल्या मेइजी सम्राटाच्या काळाआधीच्या. र्यू या शब्दाला मराठीत घराणं हाच सगळ्यात जवळचा शब्द. ताकेनोउची-र्यू १५३२ ची, आजच्या ओकायामा भागातली, आणि अजून चालू आहे बरं का. पारंपरिक पद्धतीत इथे रंगीत बेल्टची पायरी नाही, रँक म्हणजे कागद. नावं शाळेनुसार बदलतात, पण मोकुरोकु म्हणजे शब्दशः यादी, काय काय शिकवलं त्याची, आणि सगळ्यात वर मेन्क्यो काइदेन, म्हणजे आता सगळं देऊन झालं असा परवाना. काही शाळांत तर प्रवेशालाच शपथ घ्यायची आणि त्यावर बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवायचा, त्याला केप्पान म्हणतात. आपल्याकडे गंडा बांधतात ना, भावना तीच.

दुसरी वाट नव्या शाळांची, तिथे डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टपासूनच्या पायऱ्या. डॅन म्हणजे मग गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा समजा, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, कुठेही दाखवा लोकांना कळतं. ही पद्धत ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानोंनी गो या पटावरच्या खेळातून उचलली. १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी मंदिरात फक्त १२ तातामींच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, जागेत त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि १८८३ मध्ये साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो यांना पहिला डॅन दिला. आणि मला फार भावतं ते हे की त्याच वर्षी खुद्द कानोंना त्यांच्या गुरूंकडून किटो-र्यू या जुन्या जुजुत्सु घराण्याचा मेन्क्यो मिळाला, म्हणजे जुना कागद घेणारा आणि नवी पायरी देणारा माणूस एकच! पुढे ज्युदोची ही पद्धत जुजुत्सुच्या बऱ्याच नव्या शाळांनीही घेतली.

सराव पण बघून ठरवा. जुन्या शाळांत भर कातावर, म्हणजे जोडीने ठरलेल्या हालचालींवर, आणि बऱ्याच ठिकाणी पडणारा माणूस सीनियर असतो. तो मनगट धरतो, तुम्ही फिरवता, तुमचं वजन चुकीच्या पायावर असेल तर तो पडतच नाही, नुसता उभा राहतो, बोलत काही नाही. परत करायचं. वीस वेळा. मला तरी शिकवण्याची याहून चांगली रीत माहीत नाही, पण धीर लागतो आणि पुढची पायरी कधी ते कुणी सांगत नाही.

तर दोन वर्षांत परत यायचं असेल, मुलांना शिकवायचं असेल, मोकळी कुस्तीसारखी झटापट आवडत असेल, तर सरळ डॅनवाली शाळा घ्या, रँक संस्थेकडे नोंदलेली असते, गाव बदललं तरी सोबत येते. मेन्क्यो तसा नाही, तो त्या घराण्यातला अधिकार आहे, आणि तो हातात नसताना पुण्यात येऊन त्या शाळेच्या नावाने क्लास काढणं चूकच. पण दहा वर्षं एकाच शहरात राहणार असाल तर माझं मत कोर्यूच.

जाण्याआधी मेल करून बघायला येऊ का ते विचारा. शिकवणाऱ्यांना परवानगी कुणी दिली, मूळ शाळेशी त्यांचा संबंध आहे का, हेही नीट आदराने विचारा, खरे असतील ते आपल्या गुरूंचं नाव अगदी आनंदाने सांगतात. आणि ते हो म्हणेपर्यंत ड्रेस विकत घेऊ नका, काही शाळांना हाकामा, म्हणजे घोळदार जपानी पायजमा, पण लागतो.