एमएसएमटीपी : आठ महिन्यांचा वापर आणि कवठेमहांकाळचा फुटलेला ‘ठ’

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या एका अडत दुकानात मी हिशेब पाहतो. सौद्याच्या (लिलावाच्या) दिवशी संध्याकाळी तयार होणाऱ्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, शेतकऱ्यांना मेलने पाठवण्याचे काम गेले आठ महिने मी एमएसएमटीपी (msmtp) या मेल पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून कमांड लाइनवरून करून घेत आहे. प्रोग्राम कसा बसवायचा, सेटिंगच्या फाइलमध्ये कोणत्या ओळी लागतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे मी धरून चालतो. तिसऱ्या महिन्यात मी त्याच्यावर एक जळजळीत अभिप्राय लिहून ठेवला होता. तो कोठे टाकला नाही हे बरेच झाले, कारण त्यातील निम्मा मजकूर आज मला मागे घ्यावा लागला असता.

पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर जातोच, मग मेलचा खटाटोप कशासाठी, असे मालकांनीही विचारले होते. परंतु कर सल्लागाराला आणि बँकेला पट्टी दाखवायची वेळ आली की सहा महिन्यांपूर्वीचा फोटो कोणाला सापडत नाही आणि मग तीच पट्टी पुन्हा काढून द्या, असा तगादा आमच्याकडे येतो. ठोक मेल पाठवणाऱ्या सेवा दरमहा पैसे मागतात. सौद्याच्या दिवशी पन्नास-साठ मेल जाणाऱ्या दुकानाने त्यासाठी महिन्याचे भाडे भरावे हे माझ्या मनाला पटेना. भंगारात काढायचा म्हणून कपाटावर ठेवलेला लॅपटॉप होता, त्यावर लिनक्स चढवले आणि काम फुकटात सुरू झाले. वैयक्तिक जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंत मेल जाऊ शकतात, तेव्हा मर्यादेची अडचण आमच्यासारख्याला येण्याचा प्रश्नच नव्हता.

जोडणीला एक दुपार पुरली. गूगलने मे २०२२ अखेरीपासून अशा प्रोग्रामांना खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालवून घेणे बंद केले असल्याने दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. पासवर्ड असलेली सेटिंगची फाइल ज्या वापरकर्त्याची आहे त्याच्याखेरीज इतर कोणाला वाचता येत असेल, तर एमएसएमटीपी काम करण्यास सरळ नकार देतो. पहिल्या दिवशी या हट्टाचा राग आला होता. दुकानातल्या लॅपटॉपवर कोण कोण बसते हे पाहिल्यावर तो राग ओसरला.

पहिले दोन महिने मी या प्रोग्रामचे गुणगान करीत होतो. मग कवठेमहांकाळच्या एका बागायतदारांचा फोन आला : “दिवाणजी, पट्टी धाडलीया का कोडं घातलंया?” त्यांनी फोनवर दिसणाऱ्या मेलचा फोटो पाठवला. विषयाच्या जागी बरोबरचे चिन्ह (=) आणि प्रश्नचिन्ह यांनी सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची लांबलचक माळ होती, आणि मजकुराच्या वरच्या भागात, जी माहिती मेल वाचणाऱ्याला कधी दिसू नये ती, म्हणजे मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, कोणत्या लिपीसंकेतात आहे वगैरे सांगणाऱ्या ओळी, उघड्या पडल्या होत्या. लॉग, म्हणजे पाठवणीची नोंदवही, उघडून पाहिला तर त्या मेलपुढे एसएमटीपी स्टेटस २५० आणि एक्झिट कोड ओके, म्हणजे काम झाले, अशी स्वच्छ नोंद. त्याच संध्याकाळी तासगावला गेलेल्या सगळ्या पट्ट्या व्यवस्थित पोहोचल्या होत्या. मिरज, जत, पलूस, आटपाडी येथूनही कोणाची तक्रार नव्हती. तक्रारी आल्या त्या फक्त कवठेमहांकाळहून, आणि पुढच्या सौद्यानंतर पुन्हा तेथूनच आल्या.

एखाद्या प्रोग्रामने एकाच तालुक्याशी वैर धरावे हे मला समजेना, आणि त्या रागात मी तो जळजळीत अभिप्राय लिहिला. एमएसएमटीपी मराठीला लायक नाही, असे त्यातले पहिलेच वाक्य होते.

खरा प्रकार उलगडायला चार रात्री गेल्या. तो येथे सविस्तर लिहितो, कारण मराठीत विषय लिहून असे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो कधीतरी येणारच आहे. मेलची मूळ रीत १९८२ची आणि ती इंग्रजी अक्षरांपुरती बेतलेली होती. विषयात इतर लिपी लिहायची तर तिचे इंग्रजी अक्षरांत रूपांतर करून, पुढे-मागे ठरावीक खुणा लावून ती पाठवायची, हा नियम आजच्या रूपात १९९६ साली ठरला. एमएसएमटीपी हे रूपांतर करीत नाही. आपण दिलेला मेल जसाच्या तसा सर्व्हरपर्यंत नेणे एवढेच त्याचे काम. म्हणून ते रूपांतर मी माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडांच्या फाइलमध्ये, बेस६४ ही कमांड वापरून केले होते, आणि ती कमांड ७६ अक्षरे झाली की मुकाट्याने ओळ मोडते, हे माझ्या गावीही नव्हते.

आता हिशेब पाहा, कारण चूक शेवटी हिशेबातच सापडली. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि चिन्ह म्हणजे आपण शाळेत मोजतो ते अक्षर नव्हे. ‘पट्टी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण यंत्राच्या लेखी प, ट, हलन्त, ट आणि दीर्घ वेलांटी अशी ती पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. आमच्या मेलचा विषय ‘बेदाणा पट्टी - ’ असा सुरू होऊन पुढे तालुक्याचे नाव असे, कारण एकाच नावाचे शेतकरी दोन-दोन तालुक्यांत आहेत. या सुरुवातीचे ३७ बाइट होतात. बेस६४ मूळच्या ३ बाइटची ४ अक्षरे करते, त्यामुळे तिच्या ७६ अक्षरांच्या एका ओळीत मूळचे ५७ बाइट मावतात, म्हणजे तालुक्याच्या नावाला उरतात २०. तासगाव १८ बाइट, आटपाडी १८, शिराळा १८, कडेगाव १८, वाळवा १५, मिरज आणि पलूस १२, जत अवघे ६. कवठेमहांकाळ मात्र ३३. विषयाची ओळ मोडून दुसरी ओळ तयार होई, आणि त्या दुसऱ्या ओळीला मेलच्या रीतीत काही अर्थच नसल्याने वाचणारा प्रोग्राम तेथूनच मजकूर सुरू झाला असे समजे. खानापूर तालुक्याला आम्ही पूर्वीपासून ‘विटा’ लिहितो म्हणून तो वाचला. खानापूर लिहिले असते तर बेरीज ५८ झाली असती, म्हणजे एका बाइटने गाडी घसरली असती.

येथे अभिप्रायाचा पहिला मसुदा मी फाडला. दोष एमएसएमटीपीचा नव्हता. यार्डातला टेम्पोवाला बॉक्स फुटका आहे की धड हे पाहत नाही, त्याला फक्त पत्ता लागतो. स्टेटस २५०चा अर्थही मी चुकीचा धरला होता. समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, एवढीच ती पोच असते. मेल वाचता येतो की नाही याची हमी ती देत नाही.

तरीही प्रकरण संपले नाही, आणि हा भाग मला अजून झोंबतो. ओळ न मोडण्याचा पर्याय त्या कमांडमध्ये आहे, तो लावला आणि कवठेमहांकाळचे मेल सुधारले. पण १९९६चा नियम सांगतो की रूपांतर केलेला एक तुकडा, पुढच्या-मागच्या खुणा धरून, ७५ अक्षरांहून मोठा असू नये. बरेच मेल प्रोग्राम याकडे कानाडोळा करतात. आमच्या कर सल्लागाराचा जुना प्रोग्राम करीत नव्हता. मग मी नियमाप्रमाणे तुकडे पाडायला बसलो : खुणांची १२ अक्षरे वजा जाता ६३ उरतात, त्यातली चाराच्या पटीतली ६० घेतली, म्हणजे मूळचे ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची नेमकी १५ चिन्हे. हिशेब इतका सुबक जमला की मी खूश होऊन त्या रात्री लवकर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सल्लागारांच्या पडद्यावर ‘कव’, मग काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हे आणि मग ‘महांकाळ’ असे दिसू लागले. विषयात तीन मोकळ्या जागा आणि एक आडवी रेघ आहे, आणि ही चारही चिन्हे ३ नव्हे तर एकेका बाइटची आहेत, हे मी विसरलो होतो. ३७ बाइटनंतर क आणि व यांचे सहा, म्हणजे ४३ झाले. ४५वर कात्री चालवली ती ‘ठ’च्या अंगावर : त्याचे दोन बाइट अलीकडच्या तुकड्यात, तिसरा पलीकडच्या. तुकड्यात अक्षर अख्खेच असले पाहिजे, असे नियमात स्वच्छ लिहिलेले आहे. काही प्रोग्राम दोन्ही तुकडे आधी जोडतात आणि मग वाचतात, त्यांत ‘ठ’ शाबूत दिसे. हा प्रोग्राम एकेक तुकडा वाचून मोकळा होत होता. शेवटी मी स्वतःची कात्री खाली ठेवली आणि पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत विषयाचे रूपांतर करण्याची जी तयार सोय आहे ती वापरली. ती अक्षर मधून कापत नाही. जे काम एका ओळीत होत होते त्यासाठी मी चार रात्री जागलो.

आता ज्या उणिवेबद्दल माझे मत बदललेले नाही, तिच्याकडे वळतो. एमएसएमटीपीकडे मेल साठवून ठेवण्याची जागा नाही. पाठवण्याच्या क्षणी इंटरनेट नसेल तर तो अपयशाचा कोड देऊन बाजूला होतो आणि मेल तुमच्या हातात तसाच राहतो. हरिपूरच्या पेवांत हळद भरून ठेवायची आणि भाव आला की काढायची, ही आमच्या भागाची जुनी सवय. या प्रोग्रामला मात्र पेवच नाही. एका सौद्याच्या संध्याकाळी वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला पण राउटर बंद पडला, आणि माझी स्क्रिप्ट तो कोड न पाहता एकामागून एक पट्ट्या पुढे ढकलत राहिली. चौदा पट्ट्या कोठेच गेल्या नाहीत आणि हे मला तिसऱ्या दिवशी कळले. रांग सांभाळणाऱ्या वेगळ्या स्क्रिप्ट प्रोग्रामबरोबर मिळतात, हे खरे. तरी ज्याच्याकडे वीज आणि जोडणी यांचा भरवसा नाही त्याला ही गोष्ट पहिल्याच पानावर ठळक सांगायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

मी माझी रांग स्वतः केली. कोड शून्य (म्हणजे यश) नसेल तर पट्टी ‘राहिलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न होतो. यात एक सुधारणा नंतर करावी लागली. मालकांच्या चिरंजीवांनी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला. तसे केले की गूगल आधीचे ॲप पासवर्ड रद्द करते, आणि माझी स्क्रिप्ट रात्रभर दर पंधरा मिनिटांनी चुकीच्या किल्लीने दार ठोठावत बसली. एमएसएमटीपीचे कोड येथे कामाला आले : ७५ म्हणजे तात्पुरती अडचण, तेव्हा पुन्हा प्रयत्न करायचा, ७७ म्हणजे ओळख पटली नाही, तेव्हा थांबायचे आणि मला कळवायचे. इतक्या लहान प्रोग्रामने अपयशाचे प्रकार इतके नीट वेगळे सांगावेत, हे मला त्याच्या सगळ्या गुणांत मोठे वाटते. मेल जाऊन पोच येण्याआधी जोडणी तुटली तर तीच पट्टी दोनदा जाते. यावर मला उपाय सापडलेला नाही. एका शेतकऱ्याने पैसेही दोनदा येणार का, असे विचारून घेतले आहे.

पीडीएफ जोडण्याचे काम एमएसएमटीपीचे नाही. त्यासाठी मी मट (mutt) हा मेल लिहिण्या-वाचण्याचा प्रोग्राम वापरतो, तोच मेलची बांधणी करतो आणि वाहतुकीला एमएसएमटीपीकडे देतो. खरे तर विषयाचे रूपांतरही मट आपोआप करतो, पण साध्या मजकुराच्या पट्टीसाठी आणखी एक प्रोग्राम कशाला, या काटकसरीपायी मी वरचे सगळे रामायण ओढवून घेतले. ज्यांना झोप प्यारी आहे त्यांनी मराठी मेलसाठी सुरुवातीपासूनच दोन्ही जोडीने वापरावेत.

दिवाळीच्या सुमारास येणी-देणी चुकती करण्यासाठी बेदाण्याचे सौदे बंद असतात, त्या दिवसांत मी सगळी स्क्रिप्ट नव्याने लिहिली आणि दहाही तालुक्यांची नावे घालून स्वतःलाच मेल पाठवून तपासली, खानापूरसकट. सौदे सुरू झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी कवठेमहांकाळच्या त्या बागायतदारांना पट्टी पाठवली आणि नीट दिसते का, ते कळवण्याची विनंती केली. रात्री त्यांचे उत्तर आले : “आता बरोबर दिसतंय. हमाली जादा लावलीया, ती बघा.”