पॉल व्हॅन डाइकचा ‘आउट देअर अँड बॅक’: जुन्या सीडीचे नवे श्रवण

जर्मन डीजे आणि निर्माता पॉल व्हॅन डाइक याचा ‘आउट देअर अँड बॅक’ हा अल्बम २००० साली आला. ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत तेव्हा युरोपातील क्लबांमधून थेट रेडिओवर पोहोचले होते, त्यामुळे हा अल्बमही खपावर डोळा ठेवून केलेला असेल, अशी शंका मनात ठेवूनच मी त्याची वापरलेली सीडी मागवली. डबीची कड तुटलेली निघाली आणि विक्रेत्याने त्याचा उल्लेख सोयीस्करपणे टाळला होता. तबकडीवर मात्र ओरखडाही नव्हता, आणि माझी शंका बरीचशी चुकीची ठरली.

ट्रान्स म्हटले की आपल्याकडे गोव्यातला हणजूणचा किनारा आठवतो, पण हे संगीत त्या वळणाचे नाही. ते बर्लिनचे आहे. १९७१ साली पूर्व जर्मनीतील आयझेनह्युटनश्टाट येथे जन्मलेला मातियास पाउल (हे व्हॅन डाइकचे खरे नाव) पूर्व बर्लिनमध्ये वाढला तो बर्लिनच्या भिंतीपलीकडची रेडिओ केंद्रे ऐकत. भिंत पडण्याच्या थोडे आधी तो आईबरोबर हाम्बुर्गला गेला, लवकरच बर्लिनला परतला आणि १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीत भरणाऱ्या ‘ट्रेझोर’ या क्लबमध्ये पहिल्यांदा वाजवू लागला. त्याचे आरंभीचे अल्बम मार्क रीडर या इंग्रज गृहस्थाच्या ‘एमएफएस’ या लेबलने काढले. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसखात्याची आद्याक्षरे हीच असल्याने त्या नावात उघड खोडी होती. ‘आउट देअर अँड बॅक’च्या सुमारास ते संबंध संपले होते आणि त्याने ‘व्हँडिट’ हे स्वतःचे लेबल उभे केले होते.

व्हॅन डाइक उमेदवारीच्या काळात सुतारकाम शिकला होता, आणि हा अल्बम ऐकताना ते मला वारंवार आठवले, कारण याचे खरे कसब सांध्यांत आहे. ‘अनदर वे’ हा ट्रॅक हेडफोन लावून ऐकावा: मिनिटाला एकशेतीसहून अधिक ठोक्यांची किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, आणि तिच्या मधल्या जागा भरणारा बेस यांची इतकी सवय होते की मध्यावर दोन्ही काढून घेतल्यावर पायाखालची फळी सरकल्यासारखे वाटते, उरतात ते लांब ताणलेले सूर, त्यांच्यातून धून हळूहळू वर येते आणि किक परतते तेव्हा ती नेमकी कोणत्या क्षणी परतली हे सांगणे अवघड जाते. याची तुलना आपल्या समेशी करण्याचा मोह अनेकांना होतो, पण सम दर आवर्तनात भेटते, तर इथे ठोका हेतुपुरस्सर दूर ठेवलेला असतो, म्हणून ती तुलना मला फारशी पटत नाही.

शब्द आले की अल्बम थोडा सैल पडतो. ‘सेंट एटिएन’ या इंग्लिश गटाबरोबर केलेले ‘टेल मी व्हाय’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. गटाची गायिका सारा क्रॅकनेल हिचा शांत, किंचित अलिप्त आवाज सुंदर आहे, परंतु मुखडा पुन्हा पुन्हा येऊ लागतो तशी व्हॅन डाइकची सबुरी कमी होते आणि गाणे रेडिओच्या घाईने पुढे सरकते. ‘नामिस्ताय’ या ट्रॅकचे नाव आपल्या कानांना ‘नमस्ते’ची आठवण करून देते, एवढीच गंमत नोंदवून ठेवतो.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी अ‍ॅपमधील क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळण्याची सोय) बंद ठेवावे, कारण या ट्रॅकची तोंडे आणि शेपट्या मुद्दाम लांब ठेवलेल्या आहेत आणि क्रॉसफेड नेमके तेच खाऊन टाकते. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा तो नादच सोडावा.

पुढे २००३ सालच्या त्याच्या ‘रिफ्लेक्शन्स’ या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले, ‘डीजे मॅग’ या मासिकाच्या डीजेंसाठीच्या मतदानात २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे व्हॅन डाइक पहिला आला, आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे रंगमंचावरून पडून मेंदूला व मणक्याला गंभीर इजा होऊनही पुढच्याच वर्षी त्याने नवा अल्बम दिला. ‘रिफ्लेक्शन्स’ अधिक सफाईदार असला, तरी त्यात गायकांची वर्दळ मला जास्त वाटते. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला मी ‘आउट देअर अँड बॅक’च सुचवेन, सुरुवात ‘अनदर वे’पासून करावी, ‘टेल मी व्हाय’ मागाहून ऐकले तरी चालेल.